विषय: डब्ल्यूडीएम-३ए इंजिनाच्या मागच्या बोगीतील सदोष चाकजोडी आणि आपल्या ग्राहक सेवेचे वर्तन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेशी आज दुपारी चौथ्यांदा बोलून झाल्यावर हे पत्र लिहीत आहे. यापुढे फोन करणार नाही.

मार्च महिन्यात आपल्याकडून घेतलेल्या एचओ मापाच्या (१:८७ प्रमाणातील) डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनाच्या प्रतिकृतीच्या मागच्या बोगीतील, म्हणजे चाकांच्या चौकटीतील, मधली चाकजोडी सदोष आहे. चाकांच्या आतल्या कडांमधील अंतर उरलेल्या पाच जोड्यांवर १४.४ मिलिमीटर भरते, या जोडीवर १३.९ भरते. व्हर्नियरने तीन वेळा मोजले आणि एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या गेजमध्येही (मोजमापाच्या पट्टीतही) ही जोडी बसत नाही. त्यामुळे प्रत्येक सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तेथे, ही चाके चेक रेलला (आतल्या बाजूच्या जोडरुळाला) आवळून वर चढतात, इंजिन रुळावरून उतरते, शॉर्ट होऊन रुळांना वीज देणारा बूस्टर ट्रिप होतो आणि सगळा लेआउट (रुळांची मांडणी) बंद पडतो. तोच लेआउट, तेच सांधे. माझी बाकीची चारही इंजिने त्यांवरून सुरळीत जातात.

इंजिन एकदा आपल्याकडे पाठवलेही होते. २३ दिवसांनी ते चाके पुसून, तेल घालून आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून परत आले. जोडी मोजली असती तर दोष आढळला असता.

आता आजच्या संभाषणाविषयी. आपल्या प्रतिनिधीने माझे म्हणणे अर्ध्यावर तोडून विचारले, “काका, तुम्ही कुठून बोलताय?” मी परभणी असे सांगितले. त्यावर ते म्हणाले, “मग बरोबर आहे. तुमच्या मराठवाड्यात लाइट कमीजास्त होते ना, त्यानेच गाडी घसरत असेल.” मी शांतपणे सांगितले की लेआउट डीसीसीवर (डिजिटल नियंत्रणावर) आहे, पुरवठा स्थिर आहे, आणि व्होल्टेज कमी झाले तर इंजिन मंदावेल, त्याने चाके एकमेकांजवळ सरकणार नाहीत. त्यांनी विचारले, “नातवाने पाडली तर नाही ना? त्याला जरा जपून खेळायला सांगा.” मला नातू नाही. मी तसे सांगितल्यावर फोन होल्डवर न ठेवताच ते शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाले, “परभणीचे खेळण्याचे प्रकरण आहे,” आणि दोघेही हसले. ते हसणे मला स्पष्ट ऐकू आले. ज्या वस्तूच्या खोक्यावर आपण स्वतः ‘संग्राहकांसाठी, लहान मुलांसाठी नाही’ असे छापता, तिला आपलाच माणूस खेळणे म्हणतो. मग ते छापता कशासाठी?

माझे वडील पूर्णा सेक्शनमध्ये मीटरगेजच्या काळापासून कीमन होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या तपासत मैलोगणती चालणे हे त्यांचे काम होते. परभणी-पूर्णा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला, तेव्हाचे स्टेशन मी गेली सहा वर्षे १२ फूट प्लायवुडवर उभे करत आहे आणि या इंजिनाशिवाय ते अपुरे आहे. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर १:८७ प्रमाणात १९ मिलिमीटरहून अधिक भरतात, तरीही आपण सगळेच १६.५ मिलिमीटरच्या रुळावर गाड्या चालवतो. ती तडजोड मी समजून-उमजून स्वीकारली आहे. चाकजोडीतील अर्धा मिलिमीटर ही तडजोड नव्हे. खऱ्या इंजिनाच्या हिशेबाने ते साडेत्रेचाळीस मिलिमीटर होतात. एवढ्या चुकीच्या जोडीने इंजिन शेडबाहेर सोडले असते तर माझ्या वडिलांनी काय म्हटले असते, ते मी येथे लिहीत नाही.

गिअरबॉक्स उघडून जोडीची चाके योग्य अंतरावर ओढून घेणे मला येते. परंतु झाकण उघडल्यास वॉरंटी संपते, असे आपल्याच कार्डावर लिहिले आहे. आपण दुरुस्त करत नाही आणि मलाही करू देत नाही. शिवाय २३ दिवस इंजिन ठेवून घेऊन आपण ते मोजलेही नाही, हे मला पुन्हा लिहावेसे वाटते, कारण सर्वांत जास्त दुःख त्याचेच आहे. भारतीय इंजिने या मापात मिळावीत म्हणून आम्ही किती वर्षे वाट पाहिली, हे आपल्याला ठाऊक आहे. आपले पहिले इंजिन मी आगाऊ पैसे भरून घेतले होते आणि ओळखीच्या तिघांना घ्यायला लावले होते. आता त्यांना तोंड दाखवताना संकोच वाटतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत गिअरसह नवी चाकजोडी, गेजवर तपासून, कुरिअरने पाठवावी आणि ती मी बसवल्याने वॉरंटी जाणार नाही असे लेखी द्यावे. अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी. यापैकी काहीही न झाल्यास मी परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्यानुसार मी राहतो तेथेच ती दाखल करता येते आणि एवढ्या रकमेसाठी शुल्कही लागत नाही. मोजमापांची छायाचित्रे, आपली चिठ्ठी आणि चारही फोनच्या नोंदी मी जपून ठेवल्या आहेत.

इंजिन या वेळी पाठवत नाही. ते माझ्याकडेच राहील.

आपला ग्राहक,
परभणी