मेडिकलची तारीख

चि. वैभव यास अनेक आशीर्वाद.

परवा तू ताटावरून उठून रातच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघून गेलास. मी तसं ओरडायला नको होतं. तुझी आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण नागपूरला मेडिकलची, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची, तारीख २१ आहे, ती चुकवू नको.

सोयाबीनचं पोतं टाकून तू बंडीच्या चाकाला टेकून बसलास, ओठ पांढरे, हात जांघेत, ते डोळ्यापुढून जात नाही. सोनोग्राफीत हर्निया निघाला आणि डावी गोळी, म्हणजे वृषण, खाली न उतरता जांघेतच अडकलेली निघाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला सगळी पोरं बैल धुवायला नाल्यात उतरायची आणि तू काठावर कपडे घालून उभा राहायचास, त्याचा अर्थ मला आत्ता लागला. इतकी वर्षं एकट्यानं झाकलंस.

मला माहीत होतं, पोरा. तू तान्हा असताना तेल लावताना आधी आजीच्या हाताला ते लागलं. गोवराच्या लसीला नर्सबाई म्हणाल्या, सहा महिन्यांनंतर ती सहसा आपोआप उतरत नाही, वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करून घ्या. मी म्हटलं, पेरणी होऊ द्या. मग वेचणी आली. आजी म्हणायची, "उतरते बावा, गजानन महाराज आहेत ना." तू धावायला लागलास, बारावीला तालुक्यात पहिला आलास, गावभर पेढे वाटले. विसरलो होतो असं सांगणार होतो, पण विसरलो नव्हतो. लाज वाटायची.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. पोटाच्या उबेत ती गोळी कामाची राहत नाही, तिला अंगापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. अशा गोळीत कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त, आणि तो येतो तो बहुतेक तरुणपणीच. तुझं वय सव्वीस. म्हणून या वयात, दुसरी चांगली असेल तर, अडकलेली बहुधा काढूनच टाकतात, त्यातच हर्नियाही शिवतात. लवकर सापडला तर हा कॅन्सर बहुतेक बरा होतो, हेही ते दोनदा म्हणाले. तुझी उजवी चांगली आहे. एकीवर लेकरंबाळं होतात, मिशी-आवाजाला काही होत नाही. तपासणी मात्र करून घे. आणि जांघेत अचानक जीवघेणी कळ आली, उलटी झाली, तर गोळीला पीळ पडलेला असू शकतो, सकाळची वाट पाहू नको, तासा-दोन तासांत दवाखाना गाठ. दर महिन्याला आंघोळीनंतर उजवीला हात लावून पाहत जा, न दुखणारी गाठसुद्धा दाखवायची.

पुन्हा शिकवायलाच लागलो. माफ कर. चूक माझी आणि उपदेश तुला.

पोरगी पाहायचं सध्या थांबवलं आहे, मामाला काही सांगितलेलं नाही. पहिल्या वेच्याचा कापूस विकला, पैसे काढून ठेवले आहेत. सोनोग्राफीचा कागद या पाकिटात आहे, हरवू नको. २१ ला सकाळी मी नागपूर स्टेशनवर येतो. आत नको म्हणालास तर बाहेर बसीन.

तुझे बाबा