पंधरा टक्के गळती

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मध्येच कट झाला, तो तू केलास की रेंज गेली, हे विचारत नाही. आई म्हणते रेंज. ‘बाबा, तुम्हाला नाही कळणार’ एवढं ऐकू आलं होतं, म्हणून लिहायला बसलोय.

ॲक्च्युअरीचं, म्हणजे पुढे द्याव्या लागणाऱ्या पैशांचा आज अंदाज बांधण्याचं, गणित मला कळत नाही हे खरंच. पण ग्रॅच्युइटी कळते. सगळी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. हंगामी माणसाला हंगामामागे ७ दिवस. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

तू फोनवर सांगितलंस त्या क्लायंटच्या ग्रॅच्युइटीच्या हिशेबात गळती, म्हणजे वर्षाला नोकरी सोडून जाणारे, गेल्या वर्षी ४ टक्के धरली होती, यंदा त्यांचा फायनान्सवाला १५ धरा म्हणतोय आणि तुमचे सर म्हणतात, गृहीतकं कंपनीची, आपण फक्त हिशेब करतो. ऐकताना वाटलं, त्यात काय एवढं? जेवताना उलगडा झाला. पाच वर्षांच्या आत सोडून जाणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. म्हणजे जितके जास्त जाणार म्हणून लिहाल, तितकी देणी कमी आणि नफा जास्त. आणि ती माणसं तर कुठेच जात नाहीत. मस्टरवर रोज हजर, फक्त तुमच्या एक्सेलमध्ये राजीनामे देऊन बसलेली.

मी तुला अहवालावर सही करू नकोस म्हणत नाही. तो निर्णय तुझा.

आमच्याकडे कोण सोडून जायचं? बॉयलरवर बाप, मग मुलगा. कारखाना बंद पडला तेव्हा कळलं की ग्रॅच्युइटीसाठी बाजूला ठेवलेलं जवळपास काहीच नव्हतं. कायद्यात ३० दिवसांत द्या म्हणून लिहिलंय. शिंदेकाका आपल्या ओट्यावर येऊन बसायचे, आठवतं? कॅरीबॅगेत पासबुक, सेवेचा दाखला, कामगार न्यायालयाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. तू तेव्हा ॲक्च्युअरीच्या परीक्षेतल्या सीटी-५ पेपरचा अभ्यास करत होतीस आणि त्यांनी विचारलं होतं, ‘पोरी, तुझ्या पुस्तकात आमचं काय निघतं?’ तू पाच मिनिटांत आकडा काढून दिलास. तो त्यांनी घडी करून त्याच कॅरीबॅगेत ठेवला. पैसे पुढे काकूंच्या हाती आले.

असो. तुला हे सगळं माहीत आहे, मी उगाच उगाळतोय.

त्या इंग्लंडच्या इक्विटेबल लाइफची गोष्ट तूच सांगितली होतीस, प्रोफेशनॅलिझमच्या कोर्सवरून आलीस तेव्हा. १७६२ ची कंपनी. पेन्शनच्या ठरावीक दराचा शब्द देऊन बसली, व्याजदर उतरले, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि डिसेंबर २००० मध्ये नवा धंदा बंद. मधली काही वर्षं मुख्याधिकारी आणि त्याच्या आकड्यांवर लक्ष ठेवणारा अपॉइंटेड ॲक्च्युअरी एकच माणूस होता. तू पोळी हातात धरून तावातावाने विचारलं होतंस, ‘मग त्याला नाही कोण म्हणणार?’ आई म्हणाली, आधी जेव.

तुझ्या अहवालात ‘गृहीतकं व्यवस्थापनाने दिली’ हे वाक्य असतं, ठाऊक आहे. पण पटलं नाही तर तसंही लिहायचं असतं, हेही तुझंच. खाली सरांचं नाव नसणार. तुझं नाव, तुझा सदस्य क्रमांक. २००६ च्या ॲक्च्युअरीज ॲक्टखाली चौकशी झाली तर सर येणार आहेत का?

बघ, परत तिथेच आलो. राग मानू नकोस.

आणखी एक. वेबिनार लावून भाजी चिरते, सीपीडीचे, म्हणजे व्यवसायातलं ज्ञान ताजं ठेवायचे, तास भरतात, असं हसत म्हणालीस. मला हसू आलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगार संहिता लागू झाल्या. भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचे वेतनात धरायचे, मुदतीच्या करारावरच्या माणसाला वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी. हे मी पेन्शनरांच्या बैठकीत ऐकलं. मग पाच वर्षांच्या आत जाणाऱ्यांचं तुमचं गणित तरी जुनं कसं चालेल? त्या १५ टक्क्यांत कराराचे किती आहेत, कुणी विचारलं का? भाजी आधी चिरून ठेव. आता व्याख्यान पुरे.

तू फेलो, म्हणजे पूर्ण ॲक्च्युअरी, झालीस त्या दिवशी मी बँकेत, गिरणीत, केशकर्तनालयात, सगळीकडे सांगितलं. कुणालाच कळलं नाही ॲक्च्युअरी म्हणजे काय. गिरणीवाल्याने विचारलं, ‘म्हणजे सीए का?’ मी म्हटलं, त्याच्याही पुढचं. चुकलं असेल तर सांभाळून घे.

नोकरी गेली तर काय, हे तू बोलली नाहीस, पण घराचा हप्ता मलाही दिसतो. माझी एफडी मार्चमध्ये सुटतेय. ती कशासाठी ठेवायची ते अजून ठरलेलं नाही. हे जावईबापूंना सांगितलंस तरी चालेल.

आईने मेतकूट आणि कुळीथपीठ पाठवलंय, कुरिअर परवा मिळेल. शनिवारी आठनंतर फोन कर. शुक्रवारी केलास तरी चालेल. तो अहवाल सोमवारीच जायचाय ना?

तुझा,
बाबा