कुप्याच्या गळाला लागलेली मुशी (शार्क) जिवंत सुटली पाहिजे, बोटींना सामान द्यायला मदत करा

नमस्कार मंडळी, रत्नागिरी किनाऱ्यावरच्या आमच्या मंडळातर्फे ही विनंती आहे, थोडं मोठं लिहिलंय पण पूर्ण वाचा.

तुम्हाला माहितीच असेल, आता सरकार आपल्या बोटींना खोल समुद्रात कुप्याच्या म्हणजे टुनाच्या मागे पाठवायला निघालंय. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईत माझगाव डॉकला सहकारी संस्थांना खोल समुद्रातल्या बोटी दिल्या, मग नोव्हेंबरमध्ये केंद्राचे नवीन नियम आले, त्यात पण सोसायट्यांना प्राधान्य आहे. चांगलंच आहे, किनाऱ्याजवळ मासळी कमी झालीय आणि पोरांना काम पाहिजे. पण कुप्याच्या मासेमारीत जगभर शार्कची जी वाट लागलीय ती आपल्या हातून होऊ नये एवढंच आमचं म्हणणं आहे, आणि ते आत्ताच करता येईल कारण सामान आत्ता विकत घेतलं जातंय.

लाँगलाईन म्हणजे कित्येक किलोमीटरची एक दोरी, तिला शेकडो गळ, मोठ्या जहाजांवर तर हजारो. गळ कुप्यासाठी टाकलेला पण लागते मुशी. मोकळ्या समुद्रातल्या बहुतेक मुशींना सतत पोहत राहावं लागतं तरच कल्ल्यातून पाणी जातं आणि श्वास मिळतो, त्यामुळे रात्रभर गळाला अडकली की बरेचदा मेलेलीच वर येते. थ्रेशर नावाचा लांब शेपटीचा शार्क तर शेपटीने भक्ष्याला फटका मारतो, म्हणून त्याच्या शेपटीलाच गळ लागतो आणि तो उलटा ओढला जातो. पेलॅजिक थ्रेशरची मादी एका वेळी दोनच पिल्लं देते हो, कुपा लाखांनी अंडी घालतो. दोघांना एकाच गळाने मारत राहिलो तर आधी कोण संपणार ते सांगायला नको. 1970 पासून मोकळ्या समुद्रातले शार्क आणि पाकट जगभरात 71 टक्क्यांनी घटलेत, 2021 च्या अभ्यासातला आकडा आहे.

फक्त गळाचाच प्रश्न नाही. परदेशी पर्ससीन (थव्याभोवती मोठं जाळं टाकणारी) जहाजं कुपा गोळा व्हावा म्हणून तरंगते तराफे सोडतात, त्यांच्याखाली जुन्या जाळ्या लोंबत असायच्या. एकट्या हिंदी महासागरात त्या जाळ्यांत अडकून वर्षाला 4.8 लाख ते 9.6 लाख सिल्की शार्क मरतात असा अंदाज 2013 मध्ये आला होता, आणि ही मोजणी कुठल्याच बंदरावर होत नाही कारण ते मासे वर येतच नाहीत. ते आपल्या हातात नाही, पण आपल्या बोटीवर काय असावं ते आहे.

मागतोय काय, तर साधं सामान. गळाच्या आधी स्टीलच्या तारेऐवजी जाड नायलॉनचा तुकडा, म्हणजे मुशी तो चावून स्वतः सुटू शकते. गोल वळणाचा सर्कल हुक, जो बहुतेक वेळा पोटात न जाता तोंडाच्या कडेला लागतो. आणि लांब दांड्याचा दोर कापायचा कटर आणि गळ काढायची सळई, कारण चवताळलेल्या मुशीजवळ हात न्यायला कुठला खलाशी तयार होईल? त्याला दोष देण्यात अर्थ नाही, मुशीमुळे त्याचंही नुकसानच होतं, दोर तुटतो, कुपा अर्धा खाल्लेला येतो. मुशीच्या परांची निर्यातही 2015 पासून बंद आहे. महाराष्ट्रात व्हेल शार्क किंवा कासव सोडताना जाळं कापलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, खूप चांगली योजना आहे, पण ती संरक्षित जातींपुरती आणि जाळ्यापुरती.

तर पैसे द्या, 100 रुपये दिले तरी चालतील, कोणाला एका बोटीचा पूर्ण सेट द्यायचा असेल तर ऑफिसात या, सामानाची यादी आणि दुकानाचं कोटेशन दाखवू. पैसे मंडळाच्या बँक खात्यावरच टाका, कोणाच्या पर्सनल नंबरवर नको, पावती लगेच मिळेल. पैसे नसतील तरी मदत आहे. फॅब्रिकेशनवाले दादा असतील तर सळया वाकवून द्या, डिझाईन येणाऱ्या ताई असतील तर मुशींच्या जाती ओळखायचं कार्ड बनवून द्या, पाण्यात भिजलं तरी टिकेल असं. आणि दुबई, लंडन, अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांनी टुनाचा डबा घेताना पोल अँड लाईनचा घ्या, मालदीवमध्ये आणि आपल्या लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर काठीने एकेक कुपा ओढतात, त्यात मुशी जवळजवळ लागतच नाही.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंदी असते, तांडेल म्हणजे बोटीचे प्रमुख घरी असतात, तेव्हा बंदरावर बसून सामान वाटायचं आणि मुशी कशी सोडायची ते दाखवायचं असं ठरलंय. त्यासाठी सामान मे महिन्याच्या आत हातात पाहिजे, म्हणून जे काही द्यायचं ते एप्रिल संपायच्या आधी कळवा, आणि हा मेसेज तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण टाका.