गावरान कडधान्यांचे बी गोळा करा

महोदय,

डाळ महागली की आयातीची चर्चा होते, वाणांची कोणी करत नाही. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. नुसत्या फवारणीने भागत नाही, रोगाला दाद न देणारा वाणच लागतो. राहुरी कृषी विद्यापीठाचे 'विजय', 'दिग्विजय' शेतकऱ्यांनी उचलून धरले ते त्यामुळेच. आपल्या पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेचा सोयाबीनचा 'एमएसीएस १४०७' हा वाणही असाच गुणाचा: शेंगा जमिनीपासून वर लागतात, सहसा फुटत नाहीत, म्हणून यंत्राने काढणी जमते.

हे गुण पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारा शास्त्रज्ञ, कुठून आणतो? बरेचदा जुन्या गावरान आणि रानटी जातींतूनच. भोर, वेल्हे, मुळशीकडे पावटा, हुलगा, घेवड्याचे राख लावून ठेवलेले बी अजून काही घरांत सापडते. दाण्याचा रंग, ठिपके गावागणिक वेगळे. पेरणे थांबले की ते दोन-चार वर्षांत उगवेनासे होते, आणि मग कोणतीही प्रयोगशाळा ते परत देऊ शकत नाही.

कृषी विभागाने येत्या खरिपाआधी गावोगाव हे बी गोळा करून राष्ट्रीय जनुकपेढीत, म्हणजे बियाण्यांचे नमुने दीर्घकाळ जपणाऱ्या सरकारी साठ्यात, ठेवावे, थोडे गावातही राखावे. आणि नोंदवहीत ते जपणाऱ्या बाईचे नाव जरूर लिहावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे