टॅकोमाचा पूल अनुनादाने पडला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील पुलांवरच्या लेखात अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल ‘वाऱ्याशी अनुनाद झाल्याने’ (म्हणजे वाऱ्याच्या धक्क्यांचा ताल पुलाच्या स्वतःच्या तालाशी जुळून झोके वाढत गेल्याने) पडला, असे म्हटले आहे. पिढ्यान्‌पिढ्या वर्गात हेच सांगितले गेल्यामुळे लेखकाला दोष देववत नाही; पण ते बरोबर नाही.

७ नोव्हेंबर १९४० ला वारा होता ताशी सुमारे ६५ किलोमीटर. पूल जेमतेम चार महिन्यांचा. त्या वेगाला पुलाच्या तुळईमागे सेकंदाला साधारण एक या गतीने हवेचे भोवरे सुटतात आणि त्याच तालात पुलाला धक्के देतात. पूल मात्र पाच सेकंदांत एकदा पिळवटत होता. तालच जुळत नव्हता, तर अनुनाद कुठला? रस्ता किंचित पिळला की वाऱ्याशी त्याचा कोन बदलतो आणि तोच वारा पिळाला आणखी जोर देतो. म्हणजे पूल स्वतःच्याच हालचालीने वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेतो. याला अभियंते ‘फ्लटर’ म्हणतात. त्यात दोन मनोऱ्यांमधल्या ८५३ मीटरच्या गाळ्याला तुळया फक्त २.४ मीटर उंचीच्या, त्याही भरीव पत्र्याच्या! १९५० साली तिथे जो नवा पूल झाला, त्याला वारा आरपार जाईल अशा जाळीदार तुळया दिल्या.

लेखात सगळे खापर खवळलेल्या, झोतांच्या वाऱ्यावर फोडले आहे, तेही पटले नाही. झोत एवढ्या लांबीवर एकाच क्षणी सारखा आदळत नाही. त्याने पूल हादरतो, पोलाद थकते. कॅनडाचे अभियंते डेव्हनपोर्ट यांनी १९६०च्या दशकात त्याचे संख्याशास्त्रीय गणित मांडले, ते आजही वापरात आहे. काही पूल भोवऱ्यांच्या तालाने खरेच झुलतात; पण त्या तालाला संथ, सलग वारा लागतो आणि खळबळ तो ताल बहुधा मोडतेच.

चीनमधला हुमेन पूल १९९७ पासून वाहतुकीला खुला होता. मे २०२० मध्ये कामासाठी कठड्यालगत पाण्याने भरलेले प्लॅस्टिकचे अडथळे मांडले आणि ८८८ मीटरचा गाळा लाटांसारखा वरखाली होऊ लागला. वादळ वगैरे काही नव्हते; अडथळ्यांनी पुलाचा वाऱ्यासमोरचा आकार बदलला आणि भोवऱ्यांचा ताल जुळला. पूल बंद करावा लागला.

वांद्रे-वरळी सागरी सेतूसारख्या केबलच्या पुलांवर पुढे कधी आवाजरोधक पडदे, उंच कठडे किंवा फलक बसवायचे ठरले, तर आधी वातबोगद्यात (पुलाच्या प्रतिकृतीवर वारा सोडून पाहतात तिथे) नव्याने चाचणी होते का, हे आपल्या वार्ताहराने संबंधितांना विचारून छापावे.

— एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा