पार्क नंतर बांधा, आधी पहिला गेम पुरा होऊ द्या: उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: एव्हीजीसी-एक्सआर धोरणातील निधीचा काही भाग छोट्या गेम स्टुडिओंना थेट देण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स (पडद्यावरचे संगणकी दृश्य-परिणाम), गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सआर (आभासी वास्तव) यांचं म्हणजेच एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं, तेव्हा पुण्यातल्या आम्हा गेमवाल्यांना आनंदच झाला. २०५० पर्यंत ३,२६८ कोटी रुपये, पन्नास हजार कोटींच्या गुंतवणुकीचं उद्दिष्ट, दोन लाख रोजगार, आणि या उद्योगासाठी खास पार्क, म्हणजे स्टुडिओंच्या वसाहती. मनापासून अभिनंदन. मात्र या रकमेतले पहिल्या पाच वर्षांसाठी साधारण ३०८ कोटी आहेत आणि उरलेले त्यापुढच्या वीस वर्षांसाठी. या धंद्याचं २०५० मध्ये काय झालेलं असेल हे सांगू शकणारा माणूस मला अजून भेटायचाय. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगातल्या बड्या गेम कंपन्यांनी हजारो लोकांना घरी बसवलं, त्याचाही अंदाज कुणाला नव्हता. म्हणून हे पत्र फक्त त्या ३०८ कोटींबद्दल, आणि तेही सगळ्या नव्हे.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो रोज आडवा येतो. आमचा स्टुडिओ लहान आहे, कोथरूडात. करंट खात्यासाठी बँकेत गेलो तेव्हा 'गेमिंग' ऐकताच साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे ते रमीचं का?" जागामालकांनीही तेच विचारलं होतं. आमच्या एका आर्टिस्टच्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनीही तेच विचारलं, फक्त जरा आडून. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ वेगळे काढले आहेत. पण कायदा वाचतो कोण? लोकांच्या डोक्यात एवढंच राहिलं की 'गेमिंग बंद झालं'. आपल्या खात्याने जिल्हा उद्योग केंद्रांना आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीला एक पानी पत्र पाठवावं: गेम बनवणारे वेगळे, जुगाराचे अ‍ॅप चालवणारे वेगळे. याला रुपयाचाही खर्च नाही.

आता मुद्द्याकडे येतो. पुण्यात गेमचं काम नाही असं मुळीच नाही. युबीसॉफ्ट या बड्या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून इथे आहे. परदेशी गेमसाठी थ्रीडी मॉडेल बनवणारे, टेस्टिंग करणारे, एका मशिनवरचा गेम दुसऱ्यावर आणून देणारे लोक बाणेर-औंधपासून खराडीपर्यंत पसरलेत. या कामाला मी नावं ठेवणार नाही, त्यावरच मी शिकलो. पण या कामात मालकी आपली नसते, त्यामुळे शेवटचा शब्दही आपला नसतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिची मुख्य जबाबदारी युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होती. इथल्या लोकांच्या दृष्टीने ती केवढी मोठी गोष्ट होती! ट्रेलरमधल्या ग्राफिक्सवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओला हलवल्याचं जाहीर झालं. त्यात चूक कोणाची, यात मी पडत नाही. निर्णय पुण्यात झाला नाही, एवढंच मला सांगायचंय. बेंगळुरूच्या ध्रुव इंटरॅक्टिव्हने १९९७ मध्ये सुरुवात केली, जगभरच्या गेमसाठी उत्तम काम केलं, आणि २०१९ मध्ये रॉकस्टार या बड्या अमेरिकी गेम कंपनीने ती विकत घेतली. बावीस वर्षांचं कौशल्य आणि मालक परदेशी. दोन लाख रोजगार याच जातीचे असतील, तर डॉलर स्वस्त झाला किंवा एआयने स्वस्तात चित्रं काढून दिली की सगळ्यात आधी तेच जातील.

आपल्या मालकीचा गेम पुण्यात होऊ शकतो का? झालेला आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विच या खेळायच्या मशिनसकट मोठ्या मंचांवर आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' हा बॅटल रॉयल (शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा लढाईचा) गेम बाजारात आणला.

पण २०१७ ते २०२० या मधल्या काळाकडे बघा. गेम तिथेच मरतात. हिशेब साधा आहे. सहा माणसं, सरासरी साठ हजार पगार, दीड वर्ष: नुसत्या पगारातच पासष्ट लाखांच्या आसपास जातात. या काळात उत्पन्न शून्य. कर्ज काढा म्हणाल, तर बँकेला तारण लागतं आणि आमच्याकडे असतात सहा कॉम्प्युटर आणि एक अर्धवट गेम. विनातारण कर्जाच्या सरकारी योजना आहेत, मान्य. पण हप्ता थोड्याच महिन्यांत सुरू होतो आणि गेमची पहिली कमाई दोन वर्षांनी, तीही झाली तर. ती झाल्यावरही स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान तीस टक्के कापून घेतं. गुगल प्ले वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत पंधरा टक्के घेतं, हा त्यातल्या त्यात दिलासा. मग स्टुडिओ काय करतो? परदेशी काम घेतो, स्वतःचा गेम शनिवार-रविवारवर ढकलतो, आणि वर्षभरात तो गेम फोल्डरमध्ये पडून राहतो. माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक स्टुडिओत असं एक फोल्डर आहे.

माझी मागणी या मधल्या काळासाठी आहे. दरवर्षी चाळीस स्टुडिओंना प्रत्येकी वीस लाखांपर्यंत अनुदान द्या. वर्षाला आठ कोटी, पाच वर्षांत चाळीस. ३०८ कोटींतला हा सातवा हिस्साही नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, पण टप्पा मोजायचा तो खेळता येणाऱ्या बिल्डवर (गेमच्या तयार झालेल्या आवृत्तीवर), युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या, म्हणजे खर्चाच्या दाखल्याच्या, जाडीवर नव्हे. निवड समितीत निम्मी तरी माणसं अशी हवीत ज्यांनी स्वतः गेम पुरा करून विकला आहे. निवृत्त अधिकाऱ्यांविषयी आदर आहे, पण लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधले टप्पे रचणं, त्यांचं काम नाही. गेम चालला तर ठरावीक कमाईनंतर शासनाने आपला वाटा जरूर परत घ्यावा. आणि एक गोष्ट आजच सांगून ठेवतो, म्हणजे उद्या कॅगच्या शेऱ्याने कुणी दचकायला नको: चाळीसपैकी बहुतेक गेम चालणार नाहीत. हा धंदा सगळीकडे असाच आहे. त्या गेमवर काम केलेली माणसं मात्र पुण्यातच राहतील आणि पुढच्या गेमला कामी येतील.

पोलंडचं उदाहरण देतो, कारण नव्वदच्या दशकात तो काही श्रीमंत देश नव्हता. सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ मध्ये वॉर्सामध्ये सुरू झाली ती बाहेरचे गेम विकण्यासाठी. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा मोठा इंग्रजी गेम पोलिश भाषेत आणला, नामवंत पोलिश नटांचे आवाज घेऊन, आणि तो तिथे तुफान खपला. त्यानंतर २००७ मध्ये आला स्वतःचा 'द विचर'. २०११ मध्ये ओबामा वॉर्साला आले तेव्हा पोलंडच्या पंतप्रधानांनी त्यांना भेटींमध्ये याच मालिकेचा दुसरा गेम दिला. सरकारने गेमसाठी खास संशोधन निधी सुरू केला तो २०१६ मध्ये, म्हणजे उद्योग बराच उभा राहिल्यावर. आपण निदान त्या बाबतीत त्यांच्या आधी आहोत.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक बारीक पण जिवावर येणारी अडचण सांगतो. युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर पुण्यातल्या बहुतेक छोट्या स्टुडिओंत वापरतात. त्याच्या नेहमीच्या मजकूर-व्यवस्थेत 'किल्ला' टाइप करा. ऱ्हस्व वेलांटी क-च्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षर फुटतं आणि ल-चा पाय मोडलेला तसाच दिसतो. मग कुणी जुने नॉन-युनिकोड फॉन्ट वापरून जुगाड करतं, कुणी प्रत्येक वाक्याचं चित्र करून चिकटवतं, आणि बहुतेक जण गेम इंग्रजीत सोडून देतात. अनरियल आणि नव्या गोडो या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास नाही, युनिटीतही सुधारणा चालू आहे, पण चालू प्रकल्प मध्येच दुसरीकडे हलवणं परवडत नाही. संगणकावर भारतीय लिप्या आणण्यात ज्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाचा मोठा वाटा, ती संस्था याच शहरात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. शासनाने सी-डॅक किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पैसे देऊन देवनागरी नीट दाखवणारी, सर्वांना फुकट वापरता येईल अशी लायब्ररी करून घ्यावी, सोबत खेळात वाचता येतील असे चार-पाच मोकळे फॉन्ट. एका स्वागत कमानीच्या खर्चात होईल.

पुढची सूचना गडकोटांची येणार, हे मला ठाऊक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले आले, त्यातले अकरा महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून जो भेटेल तो म्हणतो, "महाराजांवर गेम करा की!" साहेब, छोट्या टीमला हे झेपणारं नाही. एखादा प्रसंग चुकला, एखादी पगडी चुकली, की गेम बाजूला राहतो आणि दारात मोर्चा येतो. त्यापेक्षा वारीत चुकलेल्या पोराची गोष्ट, दशावतारी कंपनीचा एक दौरा, उसाच्या फडावरचं एक वर्ष असे विषय लोकांना सुचू द्या. विषयाची अट घातलीत तर चाळीस स्टुडिओंकडून तुम्हाला चाळीस तोरणा मिळतील. आणि संग्रहालयासाठी किंवा शाळांसाठी शासनाला स्वतः गेम करून घ्यायचे असतील, तर निविदेतली तीन वर्षांच्या उलाढालीची अट आणि सर्वांत कमी दराचा नियम काढा. नाहीतर ज्यांनी कधी गेम खेळलासुद्धा नाही अशा कंत्राटदारांकडून तुम्हाला बटणं दाबायचे स्लाइड शो मिळत राहतील.

पार्क बांधायचे तर बांधा, पण हिंजवडीला जाऊन-येऊन ज्याचा दिवस संपलाय त्याला विचारून बांधा. आमच्या कामाला काचेची इमारत लागत नाही. शहरात मेट्रोजवळ दोन मोठ्या खोल्या द्या. त्यात बाजारातले सगळे स्वस्त फोन टेस्टिंगला ठेवा, विशेषतः कमी रॅमवाले, कारण आपल्याकडचा खेळणारा तोच फोन वापरतो. सोबत एक साउंड बूथ आणि करार वाचून देणारा एक वकील आठवड्यातून दोनदा. आमचे कोवळे स्टुडिओ परदेशी प्रकाशकाच्या चाळीस पानी करारावर न वाचता सही करतात, आणि मालकी बहुतेक वेळा तिथेच जाते.

बाजाराबद्दल खोटी आशा दाखवत नाही. आपल्याकडे मोबाइल गेम अफाट डाउनलोड होतात, पैसे देऊन घेणारे मोजके. कॉम्प्युटर आणि कन्सोलच्या गेमला पहिली काही वर्षं परदेशी ग्राहकच पोसेल. म्हणून 'मराठी बाजार केवढा' या प्रश्नावर योजना अडवू नका. मराठी माणसाने केलेला गेम ब्राझीलमध्ये विकला गेला, तरी कर महाराष्ट्रातच भरला जाणार आहे.

या योजनेला नवी इमारत लागत नाही, भूसंपादन लागत नाही. एक शासन निर्णय, एक समिती आणि अर्जाचा दोन पानी नमुना पुरेसा आहे. नमुन्याचा मसुदा आम्ही काही स्टुडिओंनी मिळून तयार केलाय, आपल्या कार्यालयाने मागितला की त्याच दिवशी पाठवतो. पहिले अर्ज डिसेंबरपर्यंत मागवले, तर त्या वर्षाचे आठ कोटी मार्चअखेर परत जाण्याआधी वाटून होतील.

कळावे.

आपला,
एक गेम डेव्हलपर
कोथरूड, पुणे