अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्या मावशींना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या तुमच्या दुकानात मी माझ्या पाचवीतल्या मुलीला घेऊन आले होते. दुकान बंद व्हायला जेमतेम अर्धा तास होता. तिच्या वर्गमैत्रिणीने नाताळला जेवायला बोलावलं होतं आणि हिला तिच्यासाठी पुस्तक न्यायचं होतं. अटी तीन : नाताळचं हवं, हसवणारं हवं, आणि त्यात साहस हवं.

त्याआधी मी घरबसल्या एक पुस्तक मागवून पाहिलं होतं. मुखपृष्ठावर उडती घसरगाडी, आत मात्र पानापानावर उपदेश. चौथ्या पानावर मुलीने ते मिटलं. तुमच्याकडेही मी आधी एक जाडजूड, चकचकीत पुस्तक उचललं. तुम्ही ते हळूच परत जागेवर ठेवलंत आणि म्हणालात, "यातले विनोद आईबाबांना हसवणारे आहेत." महागडं पुस्तक विकायचं सोडून असं सांगणारं दुकानात कोण भेटतं?

मग तुम्ही माझ्याशी बोलणं थांबवलंत आणि मुलीकडे वळलात. मैत्रीण वाचते किती, तिचं इंग्रजी कसं, हे काही विचारलं नाहीत. विचारलंत ते हे : "ती शेवटची पोट धरून कधी हसली?" मुलीने क्षणात सांगितलं, गॅदरिंगमध्ये मावळ्याची मिशी घसरून तोंडात गेली तेव्हा. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढचा प्रश्न केलात, "सांताक्लॉजचं गुपित तिला ठाऊक आहे का?" तिला ठाऊक होतं. पण घरात सहा वर्षांचा भाऊ आहे आणि तो अजून उशाशी मोजा ठेवून झोपतो. माझ्या डोक्यात हा विचार आलाच नसता.

तुम्ही दोन पुस्तकं काढलीत. एक इंग्रज लेखक टोलकिन यांचं. १९२० ते १९४३ दर नाताळला ते आपल्या मुलांना फादर ख्रिसमसच्या, म्हणजे सांताच्या, नावाने पत्रं लिहीत, सोबत चित्रं काढत, पाकिटावरचं तिकीटसुद्धा स्वतःच रंगवत. पुढे १९७६ मध्ये त्या पत्रांचं पुस्तक झालं. त्यातलं उत्तर ध्रुवावरचं अस्वल म्हणजे धमाल आहे. १९२५ च्या पत्रात ते वाऱ्याने उडालेली टोपी काढायला ध्रुवाच्या खांबावर चढतं, खांब मोडून घराच्या छपरावर पडतो आणि अस्वल थेट जेवणघरात! पुढच्या पत्रांत गुहा आहेत, गॉब्लिन नावाच्या दुष्ट बुटक्यांशी लढाया आहेत. साहस हवं होतं, ते सगळं होतं. मुलगी तर तिथेच फतकल मारून बसली. पण तुम्ही मुखपृष्ठावर बोट ठेवलंत : "लिहिणाऱ्याचं नाव वरच छापलंय. धाकटा विचारणारच, सांताची पत्रं या गृहस्थांनी कशी लिहिली? हे त्या घरात नको."

दुसरं पुस्तक छोटंसं होतं. बार्बरा रॉबिन्सन यांचं 'द बेस्ट ख्रिसमस पेजंट एव्हर', १९७२ सालचं. गावाला नको नको करून सोडणारी हर्डमन घरची सहा भावंडं चर्चमध्ये खाऊ मिळतो असं ऐकून येतात आणि नाताळच्या नाटकातल्या मुख्य भूमिका दमदाटी करून बळकावतात. मी विचारलं, यात साहस कुठे आहे? तुम्ही हसलात. "तुमच्या सोसायटीत गणपतीत लहान मुलांचं नाटक बसवलंय कधी?" मी बसवलंय, दोनदा. पुढे काही विचारायची गरजच उरली नाही.

मुलीला तुम्ही पहिलं पान मोठ्याने वाचायला लावलंत. दोन शब्दांना ती अडखळली, तुम्ही मध्ये पडला नाहीत. त्या पोरांनी कुणाची तरी अवजारांची खोली जाळली, तिथे ती खुदकन हसली. "हसली की झालं. अडलेले शब्द पुढे आपोआप सुटतात," असं तुम्ही म्हणालात ते मी मनात लिहून ठेवलंय.

मैत्रीण गुरुवार पेठेत राहते, पंचहौदच्या चर्चपासून दोन गल्ल्या आत. त्याच पंचहौद मिशनमधल्या १८९० सालच्या चहावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं होतं, ही गोष्ट माझ्या सासूबाई दर नाताळला सांगतात. यंदा त्यांनीच नातीच्या पुस्तकाला कागद गुंडाळून दिला.

जेवणं झाल्यावर दोघी ते पुस्तक आळीपाळीने वाचत बसल्या. मैत्रिणीच्या आजींना इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून पोरी मराठीत सांगत होत्या. हर्डमन मुलांनी येशूजन्माची गोष्ट कधी ऐकलेलीच नसते, त्यामुळे ती भलतेसलते प्रश्न विचारतात. माझ्या मुलीलाही ती गोष्ट अर्धीच माहीत होती. तिचे प्रश्नही तेच! उत्तरं आजी देत होत्या. बाळ येशूला भेटी आणणारे तीन राजे झालेली पोरं सुगंधी द्रव्यांऐवजी आपल्याच घरी दानात आलेला हॅम घेऊन येतात, तिथे सगळे हसले. आजी मात्र हसता हसता थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "परत वाच तेवढं." ताई, तुम्ही दिलेल्या पुस्तकाने त्या खोलीत काय केलं ते तुम्हाला कळावं, म्हणून खरं तर हे पत्र.

अस्वलाचं पुस्तक आम्ही घरी ठेवून घेतलं. रोज रात्री एक पत्र, त्याहून जास्त नाही, असं ठरलंय आणि आम्ही १९३२ पर्यंत पोचलो आहोत. धाकटा घरी खेळायला आला की ते कपाटात वरच्या फळीवर जातं. ती जबाबदारी मुलीने स्वतःकडे घेतली आहे.

आजींनी तुमच्यासाठी करंज्या दिल्या होत्या. शनिवारी आणून दिल्या तेव्हा तुम्ही नव्हता, गल्ल्यावरच्या दादांकडे डबा ठेवला आहे. निळ्या झाकणाचा आहे, आजींचाच आहे. त्यांना परत करायचा आहे, तेव्हा जपून ठेवा. आम्ही पुढच्या शनिवारी येतो.

तुमची,
पाचवीतल्या त्या मुलीची आई